वस्ताद हलले, तर पोरांनीही हलावं का?

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांतली पोरं संगणकावर खेळाचा संघ चालवायचे गेम खेळतात. त्यात स्वतः चेंडू मारायचा नसतो. आपण प्रशिक्षक व्हायचं, पोरं निवडायची, त्यांना तयार करायचं आणि वर्षामागून वर्षं संघ उभा करायचा. जुलै २०२४ मध्ये ‘ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५’ आला. या मालिकेतला आधीचा गेम २०१३ सालचा, म्हणजे अकरा वर्षांनी तो परत आला. अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांच्या मुलांनी तो सुट्टीभर खेळला आणि इकडच्या भावंडांनाही त्याची गोडी लावली.

या गेममध्ये ‘डायनॅस्टी’ नावाचा प्रकार आहे. तुम्ही एखाद्या छोट्या कॉलेजचे प्रशिक्षक म्हणून सुरुवात करता. गावोगावच्या शाळांतली पोरं हेरता, त्यांचं मन वळवता. चार वर्षं चांगली गेली की मोठ्या कॉलेजचं बोलावणं येतं आणि तुम्ही जाता. तिथे असे गेम खेळणाऱ्यांचा नेहमीचा वाद सुरू होतो: ज्या पोरांनी तुमच्याकडे बघून त्या छोट्या कॉलेजला होकार दिला होता, त्यांनी आता तुमच्या मागून नव्या कॉलेजात यावं की नाही?

कुणी म्हणतं, यायलाच हवं. पोरगं माणसाकडे बघून आलं होतं, इमारतीकडे बघून नाही. कुणी म्हणतं, मग त्या छोट्या कॉलेजने करायचं काय? दर चार वर्षांनी नव्याने शून्यापासून?

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. बेळगाव, निपाणी, कोल्हापूरच्या पट्ट्यात तालमी होत्या तेव्हापासून तो आहे. फक्त आपण त्याला वेगळ्या शब्दांत विचारतो: वस्ताद दुसऱ्या तालमीत गेले, आता पोराने काय करायचं?

अमेरिकेत खरोखर काय घडलं

आधी गेम ज्यावर बेतला आहे ते बघू. अमेरिकेत १९६४ पासून कॉलेजला होकार देणाऱ्या खेळाडूकडून एक पत्र सही करून घेत. त्यात स्पष्ट असायचं की हा करार कॉलेजशी आहे, प्रशिक्षकाशी नाही. प्रशिक्षक दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून गेला तरी पोरगं बांधलेलं. आणि एवढं करून कॉलेज बदललंच, तर फुटबॉलसारख्या मोठ्या खेळांत एक वर्ष सामन्यांबाहेर बसावं लागे. प्रशिक्षकाला मात्र एक सामनाही बाहेर बसावं लागत नसे. तो लाखो डॉलरच्या नव्या कराराने जायचा आणि पोरगं तिथेच राहायचं.

२०२१ मध्ये नियम बदलला. एकदा कॉलेज बदललं तर वर्ष वाया जाणार नाही, असं ठरलं. पुढे २०२४ मध्ये ते सहीचं पत्रही बंद झालं. आणि लगेच दिसलं की पोरं खरंच माणसामागे जातात.

नोव्हेंबर २०२१ मध्ये लिंकन रायली हे प्रशिक्षक ओक्लाहोमा विद्यापीठ सोडून लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. त्यांचा तरुण क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स काही आठवड्यांनी त्यांच्या मागून गेला आणि २०२२ चा हाइसमन पुरस्कार, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान, त्याला मिळाला.

दुसरं उदाहरण डिऑन सँडर्स यांचं. ते मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या जुन्या विद्यापीठात प्रशिक्षक होते. डिसेंबर २०२१ मध्ये देशातला अव्वल मानला जाणारा शाळकरी खेळाडू ट्रॅव्हिस हंटर याने मोठमोठी नावं सोडून त्यांच्याकडे जायचं ठरवलं. वर्षभरातच सँडर्स कोलोरॅडो विद्यापीठात गेले. हंटर गेला, सँडर्स यांचा मुलगा शेड्यूर गेला. कोलोरॅडोने २०२२ मध्ये बारापैकी एकच सामना जिंकला होता. २०२४ मध्ये त्यांनी नऊ जिंकले आणि हंटरला हाइसमन मिळाला.

इथवर वाचलं तर उत्तर सोपं वाटतं: जावं, फायदा होतो. पण कोलोरॅडोत आधीपासून असलेल्या पोरांचं काय झालं तेही बघायला हवं. सँडर्स यांनी पहिल्याच बैठकीत त्यांना सांगितलं की मी माझं सामान सोबत आणतोय, तुम्ही दुसरीकडे जागा बघा. पन्नासहून जास्त खेळाडू ते कॉलेज सोडून गेले. ती पोरंही कुणीतरी कधीतरी घरी जाऊन, आईवडिलांना शब्द देऊन आणलेलीच होती. आणि जॅक्सन स्टेटमध्ये मागे राहिलेली पोरं वेगळीच.

शिवाजी पार्क आणि शारदाश्रम

आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मुंबईचं आहे. १९८४ मध्ये अकरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला त्याच्या मोठ्या भावाने शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे नेलं. सचिन तेव्हा वांद्र्याच्या शाळेत होता. सरांनी सुचवलं की शाळा बदला, दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात घाला. तिथल्या क्रिकेट संघाला ते शिकवत आणि तिथे शालेय सामने भरपूर मिळत. घरच्यांनी विचार केला, सचिनला विचारलं आणि शाळा बदलली. वांद्र्याहून रोजची ये-जा झेपेना, म्हणून तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात सेंट झेवियर्सविरुद्ध त्याने आणि विनोद कांबळीने नाबाद ६६४ धावांची भागीदारी केली, ती शारदाश्रमच्याच संघाकडून.

या गोष्टीत दोन बारकावे आहेत. एक, इथे गुरू हलले नव्हते, शिष्य हलला. आचरेकर सर शिवाजी पार्कवरच राहिले. प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, अजित आगरकर अशी पोरं एकामागून एक त्यांच्याकडे घडत गेली. गुरू एका जागी टिकला की पोराला एकदाच हलावं लागतं. दोन, घरातलं कुणीतरी जवळ राहत होतं. काका-काकूंचं घर नसतं, तर तो निर्णय तितका सोपा झाला नसता. शाळा बदलण्याचा खर्च फीमध्ये मोजला जातो. पण पोरगं रात्री कुठे जेवणार आणि परीक्षेच्या आधी त्याच्याजवळ कोण बसणार, हा खर्च त्याहून मोठा असतो.

तालमीचं गणित

आता आपल्या भागात येऊ. चिकोडी तालुक्यातलं एकसंबा हे गाव निपाणीकडच्या मंडळींना सांगायला नको. श्रीपती खंचनाळे तिथले. कुस्तीसाठी ते कोल्हापूरला आले, तिथल्या मातीत तयार झाले आणि १९५९ मध्ये दिल्लीत पंजाबच्या बंता सिंगला हरवून देशाचे पहिले हिंदकेसरी झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला होता. म्हणजे त्यांचं गाव एका राज्यात आणि तालीम दुसऱ्या. कागलचा नाका ओलांडून कोल्हापूरच्या तालमीत राहायला जाणं हे आपल्या भागातली पोरं तेव्हाही करत आणि आजही करतात.

तालमीत जाणाऱ्या पोराला काय मिळतं ते नीट बघितलं, तर आपला प्रश्न उलगडतो. त्याला वस्ताद मिळतात, हे खरं. पण वस्ताद एकटे पुरत नाहीत. पोराला आपल्या वजनाचा, आपल्यापेक्षा थोडा वरचढ असा जोड लागतो. पहाटे उठवणारी मोठी पोरं लागतात. तेल, ताक, हळद घालून मळलेली माती लागते. खुराकाची सोय लागते. सुट्टीत गावोगावच्या जत्रांची मैदानं लागतात. यातलं एक वस्तादांचं ज्ञान सोडलं, तर बाकी सगळं तालमीचं असतं.

म्हणून वस्ताद दुसरीकडे गेले आणि एक पोरगं मागून गेलं, की दोन गोष्टी होतात. त्याला नव्या जागी वस्ताद तेच मिळतात, पण जोड नवा शोधावा लागतो. आणि इथे त्याचा जो जोड होता, त्या दुसऱ्या पोराचा सराव थांबतो. त्याने काहीच केलेलं नसतं. त्याचे वस्तादही गेले आणि जोडही गेला.

कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीकडे बघितलं की याला उपाय काय ते कळतं. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर त्या तालमीत घडले, १९६० मध्ये हिंदकेसरी झाले आणि पुढे तिथेच वस्ताद म्हणून पोरं घडवत राहिले. तालमीने आपलाच पुढचा वस्ताद तयार केला. अशा ठिकाणी एक माणूस गेला तरी सगळं उठून त्याच्या मागे जात नाही, कारण त्याची विद्या मागे उरलेली असते.

खाशाबा जाधवांची गोष्टही इथे लागू पडते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकआधी रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाने त्यांना मॅटवरच्या कुस्तीचं शिक्षण दिलं. गार्डनर काही कायम राहिले नाहीत. पण १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा गोळेश्वर-कराडच्या लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. डाव शिकवणारा माणूस मोठाच. पण घर गहाण टाकणारी माणसं शाळा-कॉलेजात आणि गावातच असतात, ती कोणत्याही प्रशिक्षकासोबत ट्रकमध्ये भरून नेता येत नाहीत.

कडोलीच्या मैदानावर

आता हाच प्रश्न कडोलीसारख्या गावात आणून ठेवू. बेळगावच्या उत्तरेचं हे गाव आपल्याला दरवर्षीच्या मराठी साहित्य संमेलनामुळे माहीत आहे. काळी जमीन, बटाटा-रताळ्याची शेती, घरोघरी मराठी. शाळेत एखादे क्रीडाशिक्षक मनापासून शिकवणारे निघाले की चार वर्षांत कबड्डीचा, खो-खोचा किंवा कुस्तीचा संघ तालुक्याला, मग जिल्ह्याला जातो. असं आपल्या भागातल्या कितीतरी गावांत घडलं आहे.

आणि मग सरांची बदली होते. सरकारी शाळेत ती कौन्सेलिंगने होते, त्यात सरांच्याही हातात फारसं नसतं. अमेरिकेतल्या प्रशिक्षकासारखे ते मोठ्या पगारासाठी जात नाहीत. त्यांचंही घर, म्हातारे आईवडील, पोरांची शाळा असते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

पण आठवीतल्या पोराने त्यांच्या मागून जायचं म्हटलं, तर काय काय बदलेल ते मोजा. सर बैलहोंगल किंवा सौंदत्तीकडे गेले, तर तिथे मराठी माध्यमाची शाळा मिळणं अवघड. म्हणजे खेळासाठी शिकण्याची भाषा बदलायची, तीही दहावी दोन वर्षांवर आली असताना. उलट एखादा प्रशिक्षक कोल्हापूरला गेला आणि पोरगं तिकडे गेलं, तर भाषा तीच राहते, पण राज्य बदलतं. शालेय स्पर्धेत मूल ज्या राज्यात शिकतं त्या राज्याकडून उतरतं. त्याचा आजवरचा तालुका-जिल्हा-विभाग हा रस्ता तिथे तुटतो आणि नव्या ठिकाणी पुन्हा तळापासून निवड. गेममध्ये हे सगळं एका बटणावर होतं. आपल्याकडे त्यात दाखला, माध्यम, रहिवास आणि घरच्यांची झोप एवढं सगळं येतं.

मुलीच्या बाबतीत तर पहिला प्रश्न अंतराचाच. बेळगावजवळच्या तुरमुरी गावची मलप्रभा जाधव २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या खेळात ५२ किलो गटात कांस्यपदक घेऊन आली. तिचं शिक्षण बेळगावात झालं, घरापासून हाकेच्या अंतरावर. शेतकरी घरातल्या मुलीला जवळ चांगलं प्रशिक्षण मिळालं, तर ती कुठवर जाते याचं हे उदाहरण आहे. ते प्रशिक्षण दोनशे किलोमीटर दूर असेल, तर किती घरं मुलीला पाठवतील, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावं.

तीन पोरं मोजायची

मग जावं की नाही? माझं मत असं की जाण्याचा हक्क पोराला हवाच. जुनी अमेरिकन पद्धत, ज्यात गुरू मोकळा आणि शिष्य बांधलेला, ती अन्यायाची होती. ज्याच्यासाठी आपण एखादी जागा निवडली तोच उरला नाही, तर पुन्हा विचार करायची मुभा असायला हवी.

पण तो विचार करताना एक नाही, तीन पोरं मोजायला हवीत. एक, जे मागून जातं. दुसरं, जे मागे राहतं: त्याचा जोड, त्याचा रेडर, त्याचा यष्टिरक्षक. तिसरं, ज्याची जागा नव्या ठिकाणी जाते. ‘गुरूमागे गेलेला शिष्य’ म्हणून आपण फक्त पहिल्याची गोष्ट सांगतो, कारण पदक त्याच्या गळ्यात असतं.

ज्या घरात हा प्रश्न खरोखर आला आहे, त्यांनी चार गोष्टी बसून बोलाव्यात.

पहिली, हा निर्णय कुणाचा? सायना नेहवालने सप्टेंबर २०१४ मध्ये हैदराबादला गोपीचंद यांची अकादमी सोडली आणि बंगळूरला विमल कुमार यांच्याकडे गेली. पुढच्या वर्षी ती जागतिक क्रमवारीत अव्वल आली. २०१७ मध्ये ती परत गोपीचंद यांच्याकडे गेली. तेव्हा ती चोविशी ओलांडलेली, आपला खेळ ओळखणारी खेळाडू होती. तेरा वर्षांच्या पोराला ते कळत नाही. त्याला ‘सर बोलावतात’ एवढंच कळतं आणि सरांना नाही म्हणणं त्याला जमत नाही. म्हणून सरांनीही जपून बोलावं. ‘ये’ म्हणण्याआधी आईवडिलांशी बोलावं.

दुसरी, काय अर्धवट राहिलं आहे? एखादं तंत्र, एखादी बदललेली गोलंदाजीची पद्धत मधेच सुटली तर खरंच नुकसान होतं. तिथे जाण्यात अर्थ आहे. नुसती सवय आणि माया असेल, तर ती सुट्टीतल्या पंधरा दिवसांच्या शिबिरानेही टिकते. हल्ली फोनवर व्हिडिओ पाठवून चूक विचारता येते.

तिसरी, संध्याकाळी पोरगं कुणाकडे असेल? वसतिगृह असेल तर एकदा न सांगता जाऊन बघावं. नातेवाईक असतील तर त्यांना खरंच झेपणार आहे का, हे मोकळेपणाने विचारावं.

चौथी, खेळ थांबला तर? गुडघा दुखावला, निवड झाली नाही, तर त्या नव्या शाळेत पोरगं सुखाने शिकेल का? उत्तर नाही असेल, तर ती शाळा चुकीची आहे, सर कितीही मोठे असोत.

गेम बनवणाऱ्यांनी काय करावं

आपल्या मंडळातली कितीतरी तरुण मंडळी पुणे-बंगळूरला संगणकाच्या कामात आहेत. उद्या तुमच्यापैकी कुणी कुस्तीचा किंवा कबड्डीचा असा गेम बनवला, तर त्यांना ही सूचना.

सगळी पोरं आपोआप मागून येऊ देऊ नका. मग गेम सोपा आणि खोटा होतो. कुणीच येऊ नये असाही नियम नको, तोही खोटाच. प्रत्येक पोराला स्वतःचं कारण द्या: घर किती लांब, माध्यम कोणतं, शेवटचं वर्ष किती जवळ, नव्या जागी त्याच्या वजनाचा जोड आहे का, घरी धाकटं भावंड आहे का. अमेरिकन गेममध्ये ‘डीलब्रेकर’ नावाची सोय आहे, म्हणजे ती एक अट मोडली तर पोरगं जातं. आपल्या गेममध्ये आईचा नकार ही पहिली अट ठेवा, खेळणाऱ्यांना ओळखीची वाटेल.

आणि तुम्ही जी शाळा सोडून आलात, तिचा निकाल पुढची चार वर्षं पडद्यावर दाखवत राहा. तुमच्या हाताखाली तयार झालेला माजी विद्यार्थी तिथे शिकवायला उभा राहिला, तर त्याचे गुण तुम्हाला मिळू द्या. मग जाणारा प्रशिक्षक जाण्याआधी कुणाला तरी तयार करून जाईल.

गावातही हेच करता येतं. सरांच्या बदलीचा कागद येण्याआधी, त्यांच्याकडे शिकून कॉलेजला गेलेली, नोकरीला लागलेली जी पोरं गावात आहेत, त्यातल्या दोघांना संध्याकाळी मैदानावर उभं करावं. गेली काही वर्षं सर जे सराव घेतात, ते एका वहीत उतरवून घ्यावेत. पंच परीक्षेची किंवा प्रशिक्षक शिबिराची फी मंडळांनी भरावी. बाहेरगावी स्थिरावलेल्या कुटुंबांना गावासाठी काही करायचं असतं, पण काय ते सुचत नाही. मैदानाला प्रवेशद्वार बांधून त्यावर नाव कोरण्यापेक्षा, गावातल्या एका तरुण मुलाला आणि एका मुलीला वर्षभर प्रशिक्षणाचं मानधन देणं स्वस्त पडतं आणि जास्त उपयोगी पडतं.

मुलीचा उल्लेख मुद्दाम केला. मैदानावर ताई उभी असली, तर आया आपल्या मुलींना सातपर्यंत थांबू देतात.